भरती वजा खाली

भांडण सहा रुपयांचं होतं. पिकअपवाला म्हणत होता, माल एकवीस क्विंटल दहा किलो. काकू म्हणत होत्या, एकवीस. भाडं क्विंटलमागे साठ रुपये, म्हणजे दहा किलोचे सहा. काकूंच्या हातात जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, काट्याची पावती होती आणि तिच्यावर निव्वळ वजन २१.० असं स्वच्छ छापलेलं होतं. पिकअपवाल्याकडे त्याच पावतीची कार्बन प्रत होती. त्यानं बोट ठेवलं ते वरच्या दोन ओळींवर : भरती ३८.४, खाली १७.३. म्हणजे भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन, क्विंटलमध्ये.

"तुमीच वजा करा ना काकू. मी काई लय शिकलो नाई, पन एवढं येते मले."

काकूंनी वेचणीच्या वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी मांडली. २१.१ आले. पुन्हा मांडली, तेच आले. सहा रुपये देऊन त्यांनी पिकअपवाल्याला वाटेला लावलं आणि दिवेलागणीला वही नि पावती पदराखाली धरून सरांच्या ओट्यावर आल्या. मी त्या दिवशी तिथंच मुक्कामाला होतो, म्हणून हे प्रकरण पहिल्या पानापासून मला माहीत आहे.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी. हंगाम २०२४-२५ चा. जिनिंगचं, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचं आणि माणसांचं नाव मी देणार नाही. त्यात कुणाला वाचवायचा हेतू नाही. नाव दिलं की वाचणारा म्हणतो, "हां, तो ना, तो तसलाच." मग प्रकरण त्या माणसाचं होतं आणि काटा बाजूला राहतो.

सर

सर याच गावचे. तेहतीस वर्षं अमरावतीकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी संगणकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन वडिलोपार्जित सात एकरांवर परतले. मी त्यांचा विद्यार्थी, आता तालुक्याच्या कॉलेजात तोच विषय शिकवतो. त्यांचा विषय पुस्तकी भाषेत 'सॉफ्टवेअर ॲश्युरन्स'. वर्गात ते त्याला साधं 'भरवसा' म्हणत : प्रोग्राम चालतो, ठीक, पण तो बरोबर चालतो हे तू कशाच्या जोरावर म्हणतोस, ते सांग.

नोकरीचा पहिला अर्धा भाग प्रोग्राम तपासण्यात गेला. १९९९ साली, तारखांमधल्या वर्षाचे दोन आकडे चार करण्याच्या धांदलीत, एका सहकारी बँकेच्या व्याजाच्या प्रोग्रामवर ते तीन महिने बसले होते. दुसरा अर्धा भाग धोरणाच्या कागदांत गेला. सरकारी समित्या, मसुदे, हरकती-सूचना. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा. या मधल्या काळात निघालेल्या बहुतेक मसुद्यांवर त्यांनी पानंच्या पानं लिहून पाठवली. उत्तर फारसं कधी आलं नाही. घरचे चिडवत, "तुमचं टपाल दिल्लीले रद्दीवाला वाचते." सर हसायचे आणि पुढचं पान लिहायला घ्यायचे.

दुसऱ्या वर्षाला ते थेरॅक-२५ शिकवत. कर्करोगाच्या रुग्णांना किरणं देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा जणांना त्यानं प्रमाणाबाहेर मारा दिला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याची चिरफाड प्रसिद्ध केली. सरांना त्यातली एकच गोष्ट सांगायची असे. आधीच्या यंत्रात लोखंडी अडसर होते. प्रोग्राम चुकला तरी अडसर आडवा येई. नव्या यंत्रात अडसर काढले आणि सगळा भार प्रोग्रामवर टाकला. चुका आधीही होत्या, फक्त त्या कुणाला लागत नव्हत्या.

काकूंची पावती कंदिलासारखी डोळ्यांजवळ धरून सरांनी पहिला प्रश्न विचारला तो याच वळणाचा होता. "वहिनी, पहिले वजाबाकी कोण करे?"

"दिवानजी करे ना. लाल पेनानं. आता कॉम्प्युटर करते."

दिवाणजी चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. अडसर निघाला होता.

पावत्यांची पिशवी

दुसऱ्या दिवशी पिकअपवाल्याला चहाला बोलावलं. भाड्याचा हिशेब लावायला तो प्रत्येक पावतीची कार्बन प्रत ठेवतो, हे त्याचं उपकार करणारं वैशिष्ट्य. सीटखालून खताची रिकामी पिशवी निघाली. आत दोन हंगामांच्या शंभरावर पावत्या. काही तेलकट, काहींवर खर्ऱ्याचे डाग. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या होत्या म्हणून शाई टिकली होती. हल्लीच्या गुळगुळीत कागदाच्या असत्या तर निम्म्या कोऱ्या झाल्या असत्या आणि हे लिखाणही झालं नसतं.

आम्ही ओट्यावर बसून वजाबाक्या केल्या. सरांनी मला मोबाईल वापरू दिला नाही, कागदावर करायला लावल्या. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पावत्यांवर निव्वळ वजन दहा किलोनं कमी निघालं. बाकीच्या बरोबर. जास्त वजन दाखवणारी एकही नाही.

तोवर ओट्याखाली दहा-पंधरा माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "चोरी हाय सरळ सरळ. सर, तुमी लिवून द्या, आमी पाहून घेतो." एकाचा मेव्हणा वर्तमानपत्रात बातम्या देतो, त्याला फोनही लागला.

इथं काकूंच्या वेचणीच्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण लोक ती वही पुरावा म्हणून नाचवत होते. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. रोज संध्याकाळी गाठोडं ताणकाट्याला लावून वजन वहीत उतरतं. हंगामाच्या शेवटी वहीची बेरीज जिनिंगच्या वजनापेक्षा नेहमी जास्तच असते. सरांनी वही वाचली, आदरानं मिटली आणि परत दिली. "हिच्यावर काही सिद्ध होत नाही वहिनी. सकाळचा कापूस दवाचा असतो, घरात सुकतो. वजन घटतंच. आपली बाजू पावतीतच आहे, तिच्या बाहेर जायचं काम नाही."

ही शिस्त मला त्या दिवशी फार खटकली. वहीत काकूंची दोन महिन्यांची मेहनत होती. पण नंतर जिनिंगवाल्याच्या खोलीत वार झाला तो 'सुकाटा', म्हणजे सुकून घटलेलं वजन, या शब्दाचाच, आणि आमच्या हातात वही असती तर तिथंच आम्ही संपलो असतो. पावतीवरच्या तीन आकड्यांना सुकाटा लागत नाही.

चोरी का नाही, याचं सरांचं उत्तर मला आजही आवडतं. चोर सगळ्या पावत्यांत मारेल, नाहीतर मोठ्या गाड्यांत मारेल. हा तर अधूनमधून मारतो, आणि मारल्याचा दाखला त्याच कागदावर छापून हातात देतो. "याला नेम नाही, पण नियम आहे," ते म्हणाले. "नियम शोधा."

नियम सापडायला रात्र गेली. त्याच पिकअपचं खाली वजन बहुतेक वेळा १७.३ होतं. त्या पावत्या वेगळ्या काढून भरतीच्या दशांशाप्रमाणे लावल्या तेव्हा गंजिफासारखी पानं जुळली. भरतीच्या शेवटी ३, ४, ८ किंवा ९ असेल तर दहा किलो गेले. शेवटी ०, १, २, ५, ६ किंवा ७ असेल तर पावती बरोबर. ३८.४ चुकली, ३६.२ बरोबर. टाकीतलं डिझेल कमी होऊन खाली वजन १७.२ भरलं त्या दिवशी नियम बदलला. तेव्हा फक्त ३ आणि ८ वाल्या पावत्या चुकल्या. वारा, काट्यावर गाडी वाकडी उभी राहणं, काट्याखालच्या वजन टिपणाऱ्या लोडसेलमध्ये पाणी, यांतलं काहीही असं आकडे पाहून चुकत नाही. असं चुकतं ते गणित.

छटाक, आदपाव, पावशेर

मी लॅपटॉप उघडून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ३८.४ वजा १७.३ लिहिलं. उत्तर आलं : २१.०९९९९९९९९९९९९९८.

ओट्याखालच्या मंडळींना हे समजावणं आलं. मी बायनरी, दशांश असं काही सुरू केलं आणि दोन मिनिटांत लोक तंबाखू मळू लागले. सरांनी मला गप्प केलं आणि वयानं सगळ्यांत मोठ्या आजोबांना विचारलं, "बाबाजी, शेराखालची मापं सांगा."

"अच्छेर, पावशेर, आदपाव, छटाक."

"प्रत्येक माप वरच्याच्या निम्मं. बरोबर? आता मले शेराचा दहावा हिस्सा मोजून द्या. बरोब्बर दहावा. फक्त हीच मापं, आणि पाहिजे तर छटाकचंही अर्धं, त्याचंही अर्धं करा."

म्हाताऱ्यानं मनातल्या मनात ओतून पाहिलं. एक छटाक घेतला तर कमी पडतो. वर अर्धा छटाक घातला तरी कमीच. अजून अर्धा घातला तर जास्त होतो. "नाई येनार," ते म्हणाले. "थोडं इकडं, नाईतं थोडं तिकडं."

कॉम्प्युटरकडे अशीच निमकी मापं असतात. अर्धा, पाव, आठवा, सोळावा. दशांश त्याच्या मापात कधीच पुरा बसत नाही. तो जवळात जवळचं माप धरतो. ३८.४ मनात ठेवताना अगदी सुईच्या टोकाएवढं कमी धरलं, १७.३ त्याहून निम्म्यानं जास्त. वजाबाकीत दोन्ही चुका एका बाजूला पडल्या. एवढ्यानं काही बिघडत नाही, कारण शेवटी आकडा जवळच्या दशांशावर नेला की २१.१ परत मिळतो. या प्रोग्राममध्ये मात्र शेवटची पायरी 'जवळच्या दशांशावर न्या' अशी नव्हती, 'पुढचं छाटून टाका' अशी होती. २१.०९९९… छाटलं की २१.० उरतं. चूक वरच्या बाजूला असेल तर छाटल्यावरही उत्तर बरोबरच येतं. म्हणून नुकसान झालं तर शेतकऱ्याचंच होई आणि फायदा कुणा शेतकऱ्याला कधीच होत नसे. वाईट हेतूशिवाय एकतर्फी नुकसान. चोरीपेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटतं. चोराला निदान पकडता येतं.

हाच दशांश १९९१ च्या आखाती युद्धात माणसांच्या जिवावर बेतला होता. पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं आणि तो दहावा भाग २४ बिटांत छाटून ठेवलेला होता. यंत्र १०० तास सलग चालू राहिलं तेव्हा घड्याळ ०.३४ सेकंदानं चुकलं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरबस्तानातल्या धाहरान इथं स्कड क्षेपणास्त्र त्याच्या नजरेतून सुटलं. २८ अमेरिकी सैनिक मेले. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचला. नुसतं छाटत गेल्यानं काय होतं याचा बाजारातला नमुना व्हॅंकुव्हरचा : तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला, दर व्यवहारागणिक पुढचे दशांश छाटले जात राहिले, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ वर आला. खरा हिशेब केला तेव्हा १,०९८ निघाला.

दहा किलो म्हणजे किती? त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या दरानं ७५२ रुपये १० पैसे. सहा रुपयांच्या भांडणातून एवढे निघाले.

कुणाला आधी सांगायचं

इथं माझं नि सरांचं वाजलं. सरांचं म्हणणं, आधी जिनिंगवाल्याला नि सॉफ्टवेअरवाल्याला सांगायचं, दुरुस्तीला मुदत द्यायची, मग चारचौघांत. हा त्यांच्या क्षेत्रातला रिवाज आहे, आणि मोठ्या यंत्रणांत तो शहाणपणाचा आहे. चूक आधीच गाजवली की वाईट हेतूचा माणूस तिचा फायदा घेतो. मी म्हणालो, सर, इथं फायदा घ्यायला कुणी हॅकर येणार नाही. हंगाम चालू आहे. उद्या सकाळी चाळीस गाड्या काट्यावर चढतील. धाहरानला दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पोहोचली होती.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रोग्राम उद्याच दुरुस्त होणार नाही. नुकसान उद्याच थांबवता येईल."

सकाळी सातला आम्ही जिनिंगच्या फाटकावर. शेठनी आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. "सर, माझ्या काट्यावर शिक्का आहे. वैधमापनवाले दरवर्षी वजनं ठेवून तपासून जातात." खरं होतं. काट्याच्या इंडिकेटरला शिशाचं सील होतं आणि इंडिकेटर निर्दोष होता. लाल आकड्यांत ३८४० किलो दाखवायचा, तेवढंच भरायचं. मग शेठ सुकाट्यावर आले. सरांनी काहीच वाद घातला नाही. फक्त पावती पुढं केली आणि शेठच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात दिला.

शेठनी वजा केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वजा केलं. त्या माणसाबद्दल माझं मत काही फार बरं नव्हतं, पण त्या क्षणी त्याचा चेहरा चोराचा नव्हता, हे लिहिलं पाहिजे.

दुपारपर्यंत फाटकावर खडूनं पाटी लागली : 'भरतीतून खाली वजा करा. निव्वळ वजन जुळल्याशिवाय पावती घेऊ नका.' काट्यावरच्या पोराला सूचना गेली की फरक निघाला तर पेननं दुरुस्त करून सही करायची. अडसर परत बसला. लाल पेन मात्र सापडलं नाही, निळ्यानं भागवलं.

चूक केव्हा शिरली तेही त्याच बैठकीत कळलं. पूर्वी पावती किलोत निघे. २०२३ च्या दिवाळीआधी शेठनीच फोन करून सांगितलं होतं की पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) क्विंटलमध्ये असते, पावतीही क्विंटलमध्ये करा, लोकांचा गोंधळ होतो. विक्रेत्याच्या पोरानं नागपुरात बसून शंभरानं भागाकार घातला आणि एक दशांश ठेवून पुढचं छाटलं. चार-दोन गाड्या घालून पाहिल्या असतील, त्या बरोबर आल्या असतील. तो पोरगा आता पुण्याला नोकरीला आहे. मी त्याला दोष देत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हेच केलं असतं. मी शिकवलंय त्यांना.

विक्रेत्याचं फोनवरचं पहिलं वाक्य होतं, "दहा किलो तर काट्याच्या चुकीच्या मर्यादेतच बसतात, सर." सरांचं उत्तर एका ओळीचं : मर्यादा दोन्ही बाजूंना असते, तुमची चूक एकाच बाजूला आहे. दुरुस्ती म्हणून तो शेवटी जवळच्या दशांशावर नेणारं सूत्र घालायला तयार होता. चाललं असतं. सर अडून बसले की वजन आत किलोतच ठेवा, पूर्णांकात. ३८४० वजा १७३० म्हणजे २११०, यात चुकायला जागाच नाही. क्विंटल फक्त छापताना करा. दुरुस्ती पाचव्या दिवशी आली.

काट्याची हद्द

प्रोग्रामची गोष्ट इथं संपते. सरांच्या लेखी खरी इथून सुरू झाली.

या चुकीला उत्तरदायी कोण? शेठ म्हणाले, मी विकत घेतलं. विक्रेता म्हणाला, तुम्ही सांगितलं तसं केलं. वैधमापन निरीक्षक सभ्य माणूस; त्यांनी सांगितलं की पडताळणी यंत्राची होते, आणि यंत्र बरोबर आहे. बाजार समितीकडे गेलो तर म्हणे पावती खाजगी, पट्टी आमची. पट्टीवर निव्वळ वजनाचाच आकडा असतो, भरती-खाली नसतात. म्हणजे चूक पावतीवरून पट्टीवर गेली की तिच्या पाऊलखुणाही पुसल्या जातात.

वैधमापन कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०११ ला. मॉडेलला मान्यता आणि ठराविक मुदतीनं पडताळणी, या दोन पायांवर तो उभा आहे. लोखंडी वजनं आणि तागडी होती तेव्हा तागडीच्या पारड्यापाशी काटा संपायचा आणि तिथून पुढं दिवाणजीची अक्कल सुरू व्हायची. आता इंडिकेटरमधून एक केबल निघते, कॉम्प्युटरमध्ये शिरते आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते केबलच्या त्या टोकाच्या आकड्यावर. सील केबलच्या या टोकाला आहे. सरांचा सगळा मुद्दा त्या दोन मीटर केबलमध्ये मावतो.

जगात याचा विचार झालेला नाही असं नाही. ओआयएमएल ही वैधमापनाची आंतरराष्ट्रीय संघटना. भारत तिचा सदस्य आहे. तिनं २००८ मध्ये सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मोजमाप यंत्रांसाठी डी ३१ हा दस्तऐवज काढला. मोजमापाच्या कायदेशीर आकड्यापर्यंत जो जो प्रोग्राम हात लावतो तो वेगळा ओळखता आला पाहिजे, त्याची आवृत्ती दिसली पाहिजे, आणि तो गुपचूप बदलता कामा नये, असा त्याचा गाभा. आमच्या जिनिंगमध्ये दिवाळीआधी एका फोनवर प्रोग्राम बदलला गेला आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र त्याच खिळ्यावर राहिलं.

आणि वाद कोर्टात गेला असता तर? इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायदाबदलापासून कॉम्प्युटर बरोबरच चालत होता असं गृहीत धरलं जाऊ लागलं. तो चुकला हे दाखवायचा भार समोरच्यावर. त्याच वर्षापासून तिथल्या टपाल कार्यालयांत होरायझन हा हिशेबाचा प्रोग्राम पसरला. त्यानं दाखवलेल्या खोट्या तुटीवरून २०१५ पर्यंत नऊशेवर टपाल चालकांना अपहार नि चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. २०१९ मध्ये न्यायालयानं प्रोग्राममधले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करायला संसदेला वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३ वं कलम आहे. कॉम्प्युटरच्या कागदासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा. सर म्हणाले, "हॅश सांगतो की कागद बदलला नाही. २१.० हे २१.० च आहे, याची तो ग्वाही देईल. वजाबाकी बरोबर आहे का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं."

त्या रात्री सरांनी जुनी लोखंडी पेटी उघडली. बऱ्याच वर्षांपूर्वी ते एका समितीवर होते. सरकारी कामाचे प्रोग्राम स्वीकारताना काय तपासायचं याची यादी त्या समितीनं केली होती. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. सतरा रकाने. 'प्रमाणपत्र जोडले आहे काय? हो / नाही.' 'वापरकर्त्याची मान्यता घेतली आहे काय? हो / नाही.' आमच्या जिनिंगचा प्रोग्राम सतराही रकान्यांत 'हो' घेऊन उत्तीर्ण झाला असता.

"हे रकाने मी बनवलेत," ते म्हणाले. "मंत्रालयात बसून. आकडा बाहेर पडतो तिथं उभा राहून कुणी हातानं एक वजाबाकी करून पाहावी, हा रकाना मलाही सुचला नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वैधमापन विभागाला पत्र लिहिलं. मी त्यांची लांबलचक पत्रं टंकलेली आहेत. हे एका पानाचं होतं. मागणी दोनच. पडताळणीच्या वेळी वजनं ठेवल्यावर इंडिकेटरसोबत छापील पावतीही तपासा, भरती, खाली आणि निव्वळ तिन्ही. आणि प्रोग्रामची आवृत्ती प्रमाणपत्रावर लिहा. ती बदलली की प्रमाणपत्र संपलं. पोच आली. त्यानंतर काही आलं नाही.

पैशांचं काय झालं? कॉम्प्युटरमध्ये भरती-खाली दोन्ही साठवलेले होते, त्यामुळे दोन्ही हंगामांच्या सगळ्या गाड्यांचा हिशेब एका दुपारी निघाला. शेठ चालू हंगामापुरते तयार झाले. फरक पुढच्या पट्टीत धरून दिला. मागच्या हंगामाला म्हणाले, "सर, तो माल विकून, गाठी बांधून, हिशेब मिटून गेला." सरांनी फार ताणलं नाही. मी ताणलं असतं. तो कापूस त्यांच्याच गाठींत गेला होता, हवेत नाही. काकूंचे तीन फेऱ्यांचे पैसे आले. त्याच पट्टीत 'कट्टी' म्हणून क्विंटलमागे कापलेले किलो मात्र नेहमीसारखे उघडपणे कापलेले होते आणि त्याबद्दल ओट्यावर कुणी ब्रही काढला नाही.

राहिला विक्रेता. हाच प्रोग्राम अजून किती काट्यांवर आहे, असं सरांनी त्याला लेखी विचारलं. त्यानं कळवलं, इतर कुठल्याही ग्राहकाची तक्रार नाही. यादी द्यायला नकार दिला. व्यवसायाची माहिती आहे म्हणाला. खाजगी माणसाला माहिती अधिकार लागू होत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसले आणि आम्ही हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो, जिथं कापसाच्या गाड्या थांबतात. पिकअपवाले पावत्या समोरच्या काचेच्या वरच्या झापेत खोचून ठेवतात. सर एकेकाला "दाखव बरं भाऊ" म्हणत मागून घेत होते, वजाबाकी करून परत देत होते. पहिल्या सहा-सात बरोबर निघाल्या. आठवी एका तरुण पोरानं काढून दिली. आमच्या जिनिंगची नव्हती, छापा तसाच होता.

भरती ३६.४. खाली १७.३. निव्वळ १९.०.

"हा काटा कुठला रे?" सरांनी विचारलं.

पोरानं ज्या गावाचं नाव घेतलं, ते आमच्या तालुक्यातलंच काय, जिल्ह्यातलंही नव्हतं.